धुणं, पिळणं, वाळवणं : लहान घरात कोणतं मशीन?

पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत ही तक्रार घेऊन या सदराकडे पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले प्रश्न मशीन घेण्याआधीचे आहेत, ही आनंदाची गोष्ट. घेतल्यानंतरचे प्रश्न सोडवायला महाग पडतात.

प्रश्न : आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. घरात चौघं, त्यांत दोन मुलं शाळेत जाणारी. ड्राय बाल्कनी तीन फूट बाय चार फूट, तिचं दार दोन फुटांचं. धुऊन वाळवून देणारं एकच मशीन (धुलाई ८ किलो, वाळवण ५ किलो) घ्यायचं मनात आहे. घ्यावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मशीन दुकानात बघण्याआधी तुमचं दार बघा. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. पण तो चौकटीचा आकडा झाला. दार पूर्ण उघडलं तरी पल्ल्याची जाडी आणि बिजागऱ्या तीन-चार सेंटिमीटर खातात, म्हणजे हातात उरतात ५७. फ्रंट लोड मशीन बहुतेक ६० रुंद आणि ८५ उंच असतं, त्यामुळे ते सरळ आत जाणार नाही, आडवं फिरवून न्यावं लागेल. तेव्हा कामाचा आकडा मशीनच्या खोलीचा, म्हणजे पुढून मागेपर्यंतच्या मापाचा. ६ ते ७ किलोची मशीन ४० ते ५० सेंटिमीटर खोल असतात, ती सहज निघतात. तुम्ही म्हणता ते ८/५ किलोचं मशीन ५५ ते ६० खोल असतं, शिवाय पुढचं गोल दार आणखी थोडं बाहेर येतं. पल्ला बिजागरीतून काढून घेतलात तर ते आत जाईल, पण घासून. मशीन पोचवायला येणारी माणसं पल्ला काढत बसत नाहीत. सुताराला आदल्या दिवशी बोलवा.

आता आतली जागा. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. मशीनची खोली ५८ धरा, मागे पाण्याच्या नळ्या मोडू नयेत म्हणून ८ ते १० सोडा. उरले जेमतेम २४. एवढ्या जागेत गोल दार उघडत नाही आणि माणूसही उभा राहत नाही. म्हणून मशीनचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे येईल असंच ते बसवायला हवं. म्हणजे कपडे स्वयंपाकघरात उभं राहून भरायचे आणि काढायचे. पैसे भरण्याआधी वर्तमानपत्राचे ताव जोडून ६० बाय ७० सेंटिमीटरचा तुकडा कापा, बाल्कनीत पसरा, त्याच्यापुढे बादली घेऊन खाली बसा आणि उठा. गुडघे कशाला लागले तर ती जागा त्या मशीनची नाही. नळ कुठे आहे, प्लग कुठे आहे, नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं जमिनीतलं जाळीचं तोंड) मशीनखाली दडपला जातोय का, हेही तेव्हाच दिसेल. ट्रॅपवर मशीन ठेवलं तर तो तुंबल्यावर दर वेळी मशीन ओढावं लागतं. फ्रंट लोडचं वजन ६० ते ७० किलो असतं.

जागा जमली असं धरू आणि वॉशर-ड्रायरकडे वळू. त्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. ८ किलो धुतो आणि ५ वाळवतो याचा अर्थ, आठ किलो भरलेत तर धुतल्यावर तीन किलो ओले कपडे बाहेर काढायचे आणि मगच वाळवण लावायची. सकाळी लावून ऑफिसला जायचं असेल तर तुमचं मशीन पाच किलोचंच आहे असं समजा. हे वजन कोरड्या कपड्यांचं. जीन्स ६०० ते ७०० ग्रॅम, मोठा टॉवेल ५०० च्या आसपास, शर्ट २०० ते २५०, सुती पाचवारी साडी साधारण अर्धा किलो, डबल बेडची चादर ७०० ते ९०० ग्रॅम. चौघांचे रोजचे कपडे दोन-अडीच किलो होतात, टॉवेल धरून तीन-साडेतीन. रोज एक घाणा काढणार असाल तर ५ किलोत बसतं. आठवड्याचं धुणं रविवारी काढायची सवय असेल तर हे मशीन घेऊ नका. धुऊन वाळवायला एका घाण्याला चार ते सहा तास लागतात, रविवारी दोनच घाणे निघतील.

विजेचं बोलू, कारण खरा निर्णय तिथे आहे. कपड्यांतलं एक लिटर पाणी वाफ करून घालवायला नुसती उष्णताच ०.६३ युनिट लागते, हा पाण्याचा गुण आहे, कुठल्याही कंपनीला तो टाळता येत नाही. हीटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये ड्रम, हवा आणि कपडे तापवण्यात आणखी जाते, म्हणून प्रत्यक्षात लिटरला एक युनिटच्या आसपास धरा. तेच पाणी गरगर फिरवून पिळून काढायला दहा मिनिटांच्या फेऱ्याला एक दशांश युनिटसुद्धा लागत नाही. पाच किलो सुती कपड्यांत १४०० आरपीएमनंतर (आरपीएम म्हणजे पिळताना ड्रमचे मिनिटाला होणारे फेरे) साधारण अडीच लिटर पाणी उरतं, १००० वर तीन लिटर, ७०० वर साडेतीन ते चार. म्हणजे पिळण्याचा आकडा हाच वाळवण्याचा खर्च ठरवतो. तुमच्या साडेतीन किलोच्या घाण्याला १४०० वर पिळून मग वाळवलं तर दोन ते अडीच युनिट, धुलाईचं पाणी ४० अंशांना तापवलंत तर आणखी अर्धं-पाऊण. हिशेबाला युनिटचे १० रुपये धरले तर एका घाण्याला २५ ते ३० रुपये. पावसाळ्याचे तीन महिने हे परवडू शकतं. एरवी मशीनच्या त्या अर्ध्या भागाला तुम्ही हात लावणार नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

आमचं मत विचाराल तर : तुमच्या बाल्कनीला ७ किलोचं, १२०० किंवा १४०० आरपीएमचं, ५० सेंटिमीटरपर्यंत खोल असलेलं साधं फ्रंट लोड. उरलेल्या पैशांत बाल्कनीच्या छताला दोरी-कप्पीवर खाली-वर होणाऱ्या दांड्या आणि भिंतीवरचा एक लहान पंखा. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि चादरी-दुपटी रोज कोरडी लागत असतील तर मात्र वॉशर-ड्रायर बिनधास्त घ्या. तिथे युनिट मोजायचे नसतात.

प्रश्न : माझ्या सेमी-ऑटोमॅटिकला ड्रायर आहे, पण कपडे कोरडे होत नाहीत, दमटच निघतात. मशीन बिघडलंय का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही. आपल्याकडे ज्याला ‘ड्रायर’ म्हणतात तो पिळण्याचा टब आहे, त्यात गरम हवा नसते. त्याचे फेरे १३०० च्या आसपास असले तरी टब अरुंद असतो आणि पिळण्याचा जोर फेऱ्यांबरोबर टबाच्या रुंदीवरही ठरतो. म्हणून तो फ्रंट लोडपेक्षा कमी पिळतो, पण ७०० आरपीएमच्या टॉप लोडपेक्षा बरंच जास्त. टबात कपडे दाबून सारखे बसवा, वरची जाळीची चकती लावा, पाच मिनिटं फिरवा, झाकण उघडून कपडे सुटे करा आणि परत तीन मिनिटं. दुसऱ्या फेऱ्यात किती पाणी निघतं ते नळीच्या तोंडाशी बघा. भाड्याच्या खोलीत, पाणी तासभरच येत असेल तिथे, हेच मशीन सगळ्यांत सोयीचं. बादलीनं पाणी ओतूनही चालतं.

प्रश्न : आम्ही सातव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतो. नवं फ्रंट लोड मशीन पाणी भरता भरता थांबतं आणि एरर दाखवतं. कंपनीचा माणूस म्हणतो मशीन ठीक आहे. खालच्या मजल्यावर तसंच मशीन नीट चालतं.
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : माणूस बरोबर सांगतोय. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक बार दाब. गच्चीवरच्या टाकीचा तळ तुमच्या नळापासून अडीच-तीन मीटरच वर असेल, तेव्हा तुम्हाला मिळतो पाव बार. बहुतेक फ्रंट लोडना ०.३ ते ०.५ बार, काहींना एक बार लागतो. ठरलेल्या वेळात पाणी पातळीला आलं नाही की मशीन ‘पाणी येत नाही’ असं समजून थांबतं. खालच्या मजल्यावर उंची जास्त, म्हणून दाबही जास्त.

पंप घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. नळ पूर्ण उघडून एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. सात-आठ सेकंदांत भरली तर पाणी पुरेसं आहे आणि दोष दुसरीकडे आहे. मग नळ बंद करून मशीनच्या मागची नळी सोडवा. तिच्या टोकाशी, मशीनच्या आत, बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. ती पकडीनं हलकेच ओढून काढा. टाकी नुकतीच धुतली असेल किंवा टँकरचं पाणी येत असेल तर तीवर गाळाचा तपकिरी थर बसलेला दिसेल. जुन्या दातांच्या ब्रशनं धुवा आणि परत बसवा. तिसरं, नळी कुठे मोडली आहे का ते बघा. मशीन भिंतीला टेकवलं की ती हमखास दबते.

एवढं करूनही बाटली भरायला पंधरा-वीस सेकंद लागत असतील तर बूस्टर पंप लावा. तो टाकीतून येणाऱ्या मुख्य पाइपवर लावला तर बाथरूमच्या शॉवरलाही फायदा होतो, पण सोसायटीला विचारा. नळ उघडल्यावर आपोआप सुरू होणारा, फ्लो स्विच असलेलाच घ्या. आणि पंप टाकीच्या पाइपवरच लावायचा, महापालिकेच्या थेट लाइनवर नाही. तो गुन्हा ठरू शकतो, शिवाय शेजाऱ्यांचं पाणी तुटतं.

अजून मशीन घेतलं नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या वाचकांनी हाच बाटलीचा प्रयोग आधी करावा. माळ्यावरच्या टाकीतून पाणी घेत असाल तर दाब आणखी कमी, ०.१ बारच. तिथे कमी दाबावर भरणारं टॉप लोड बघा. त्यात पाणी जास्त लागतं हे मात्र खरं : ७ किलोचं फ्रंट लोड एका धुलाईला साधारण ४५ ते ६० लिटर घेतं, टॉप लोडला शंभर किंवा त्याहून जास्त लिटर लागतात.

प्रश्न : वॉशिंग मशीनच्या वर ठेवायला वेगळा ड्रायर घ्यायचा आहे. व्हेंटेड, कंडेन्सर, हीट पंप यांतला कोणता?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : व्हेंटेड ड्रायर ओली हवा बाहेर फेकतो. त्याला चार इंची पाइप खिडकीबाहेर न्यावा लागतो, दोन मीटरपेक्षा लांब नको आणि वळणं एक-दोनच. किमतीला तो स्वस्त, बांधणी साधी, दुरुस्ती सोपी. पाइप बाहेर न काढता बाल्कनीतच सोडणारे आम्ही पाहिले आहेत. तीच वाफ परत आत ओढली जाते, वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि महिन्याभरात छताला बुरशी धरते. कंडेन्सर ड्रायरला पाइप नको, पाणी डब्यात जमतं किंवा नळीनं ट्रॅपमध्ये सोडता येतं. पण तो सगळी उष्णता खोलीत टाकतो. बंद स्वयंपाकघरात ऑगस्टमध्येही घाम फुटेल. हीट पंपवाला तीच उष्णता फिरवून वापरतो, म्हणून वीज जवळजवळ निम्मी आणि कपडे कमी तापतात. महाग आहे आणि सावकाश चालतो. वर्षाला शंभर-सव्वाशे घाणे वाळवणार असाल तरच त्याची जादा किंमत वसूल होते. तुमच्या खिडकीतून पाइप निघत असेल आणि वापर फक्त पावसाळ्यात असेल तर व्हेंटेड घ्या.

वर ठेवण्याबद्दल : ड्रायर नेहमी फ्रंट लोडच्या वरच, टॉप लोडवर शक्य नाही. मधे त्या मॉडेलचाच स्टॅकिंग किट (दोन्ही मशीन एकमेकांना पक्की जोडणारी पट्टी) हवा. नुसता रबरी मॅट टाकून ठेवलेला ड्रायर खालच्या मशीनच्या स्पिनला सरकत सरकत पुढे येतो. दोन्ही मिळून उंची १७० सेंटिमीटरच्या पुढे जाते, वरची बटणं आणि पाण्याचा डबा घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाच्या हाताला येतात का बघा. वरच्या ड्रायरची खोली खालच्या मशीनपेक्षा जास्त असेल तर तो बसणार नाही.

दर घाण्यानंतर दारातली जाळी काढून तिच्यावरचा लोकरीसारखा थर बोटानं सोला. हा थर म्हणजे कपड्यांचेच तंतू, कोरडे आणि चटकन पेटणारे. ड्रायरला आग लागण्याचं हे नेहमीचं कारण. तेलाचे फडके, डोक्याला तेल चोपडून झोपणाऱ्यांचे अभ्रे आणि पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे धुतलेले असले तरी ड्रायरमध्ये घालू नका.

प्रश्न : वॉशर-ड्रायर आहे. पाच तास चालूनही कपडे ओलसर आणि चुरगळलेले निघतात.
– एक वाचक, वसई

उत्तर : पहिला प्रश्न आम्ही विचारतो तो नळाचा. धुणं झालं की नळ बंद करण्याची आपल्याला सवय असते. पण पुष्कळशी वॉशर-ड्रायर वाफेचं पाणी करायला थंड पाणीच वापरतात, वाळवण चालू असतानाही ते थोडं थोडं आत येत असतं. नळ बंद असेल किंवा दुपारी इमारतीचं पाणी जात असेल तर वाफ ड्रममध्येच फिरत राहते. मेमध्ये गच्चीची टाकी तापून पाणी कोमट होतं तेव्हाही हाच अनुभव येतो. तेव्हा वाळवण पहाटे लावा.

दुसरं कारण गर्दी. वाळवताना ड्रम निम्म्याच्या वर भरलेला नको. गरम हवेला कपड्यांमधून वाट हवी. चुरगळण्याचंही हेच कारण. तिसरं, जीन्स आणि नायलॉनची बनियनं एकत्र असली की पातळ कपडे आधी वाळतात आणि काही मॉडेलांत सेन्सर त्यांच्यावरून ‘झालं’ ठरवतो. कमरपट्टे आणि खिसे ओलेच राहतात. चौथं, गरम कपडा हाताला दमट लागतो. एक टॉवेल काढून दोन मिनिटं झटकून बघा, कोरडाच निघेल.

यातलं काहीच नसेल तर आतली वाट तंतूंनी चोंदली असेल. कपडे न घालता रिन्स आणि स्पिन एकदा चालवा, दाराच्या रबराच्या घडीतले तंतू फडक्यानं पुसा आणि खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून पंपाची जाळी काढा. खाली ताट ठेवा, अर्धा-एक लिटर पाणी येईल. एवढं केल्यावरही तेच होत असेल तर आतला कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग) साफ करायला तंत्रज्ञ बोलवा.

प्रश्न : साध्या प्लगवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून मशीन चालवलं तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चालवू नका. फ्रंट लोडचा हीटर दोन हजार वॉटच्या आसपास असतो, म्हणजे नऊ अँपिअर. साधा प्लग सहा अँपिअरचा. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला एमसीबीपासून (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचपासून) वेगळी वायर, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) एवढं हवंच. ओल्या बाल्कनीत अनवाणी उभं राहून आपण मशीनला हात लावतो. गीझरच्याच वायरीवर हा पॉइंट काढू नका, सकाळी दोन्ही एकदम लागले की एमसीबी पडेल. प्लग पाण्याच्या नळापासून आणि शिंतोड्यांपासून लांब, कमरेच्या वर.

प्रश्न : नवं मशीन स्पिनला इतकं थडथडतं की खालचे शेजारी वर आले.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : मागच्या बाजूला बघा. ड्रम प्रवासात हलू नये म्हणून तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहिले असतील तर आजच काढा, तोवर मशीन लावू नका. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतील. ते काढलेले असतील तर मशीनच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात दाबून डोलतं का बघा आणि पाय फिरवून लेव्हल करा. चाकांची ट्रॉली काढून टाका.

प्रश्न : वय ७१, एकटीच राहते. रोजचे पाच-सहा कपडे. वाकता येत नाही. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. मोठा खर्च नको.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आजी, तुम्हाला ड्रायर नको. वास येतो तो कपडा बराच वेळ ओला राहिल्यामुळे, त्यात जिवाणू वाढतात म्हणून. कपडा लवकर कोरडा झाला की वास येत नाही. मशीन ६ ते ६.५ किलोचं टॉप लोड घ्या, फ्रंट लोडला खाली वाकावं लागतं. झाकण उघडायला वर जागा लागते, म्हणून मशीनच्या वर फळी किंवा नळ जमिनीपासून साडेचार फुटांच्या खाली नको. पुष्कळशा टॉप लोडना पाणी उपसायचा पंप नसतो, सांडपाण्याची नळी जमिनीलगतच सोडायची. ती उचलून सिंकमध्ये टाकली तर पाणी मशीनमध्येच राहतं. धुऊन झाल्यावर नुसतं स्पिन आणखी एकदा लावा. झाल्या झाल्या कपडे बाहेर काढा, झाकण उघडं ठेवा.

मग एका लहान खोलीची दारं-खिडक्या लावून कपडे दांडीवर चार बोटांचं अंतर सोडून घाला, टेबल फॅन त्यांच्याकडे वळवा आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र, चालू करा. दिवसाला दहा-बारा लिटर ओढणारा पुरतो, त्याला साधा प्लग चालतो आणि तो दोन-अडीचशे वॉट घेतो. चार-पाच तासांचं सव्वा युनिट झालं. ड्रायरपेक्षा वीज फार वाचते असं नाही, पण कपडे तापत नाहीत, सुती साड्या आटत नाहीत आणि कपाटातली बुरशीही थांबते. खिडकी उघडी राहिली तर तो बाहेरचीच दमट हवा ओढत बसेल. त्याचा डबा रिकामा करायला उचलावा लागतो, तेवढं जमणार नसेल तर मागे नळी लावून ती मोरीत सोडता येईल असं मॉडेल मागा आणि यंत्र पाटावर ठेवा, म्हणजे पाणी उतारानं जाईल.